‘भाचा आहे माझा, शिकतोय’

आज 12 जून. सकाळपासून बालकामगार प्रथाविरोधी दिनाच्या शपथा फॉरवर्ड होतायत. आपल्याच ग्रुपवर सरकारी बॅनर येऊन पडलाय, हात पुढे करून शपथ घेणाऱ्या साहेबांचे फोटो आलेत, खाली टाळ्यांची रांग. मला ते बघवेना. म्हणून लिहितेय.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गॅलरीला ग्रिल बसवायला मिस्त्री आले होते. सोबत एक पोरगा. बारा-तेरा वर्षांचा, अजून आवाजही फुटलेला नाही. वेल्डिंगची काच एकच, ती मिस्त्रींच्या हातात. पोरगा उघड्या हातांनी लोखंडी पट्टी धरून उभा. मिस्त्री टाका मारणार एवढ्यात तो मान वळवायचा आणि डोळे घट्ट मिटायचा. पायात स्लीपर. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग, काही जुने, काही ताजे.

मी काम थांबवलं. मिस्त्री म्हणाले, “ताई, भाचा आहे माझा. शिकतोय. शाळेला सुट्टी आहे.” मंगळवार होता आणि समोरच्या रस्त्यावरून पोरं दप्तरं घेऊन शाळेत चालली होती.

हा ‘भाचा’ आपल्या कायद्यानेच जन्माला घातलाय हे किती जणांना माहीत आहे? 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर बंदी आली, तेवढं चांगलं झालं. पण त्याच दुरुस्तीत म्हटलंय की शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मूल कुटुंबाच्या धंद्यात मदत करू शकतं. आणि कुटुंब म्हणजे फक्त आईबाप आणि भावंडं नव्हेत. काका, आत्या, मामा, मावशी, सगळे त्यात. म्हणजे तपासायला आलेल्या माणसासमोर मालकाने ‘भाचा’ म्हटलं की आधी नात्याचाच घोळ.

मान्य, धोकादायक कामाला ही सूट नाही, तसं तिथेच लिहिलंय. पण धोकादायक म्हणजे काय, याची जुनी यादी 18 व्यवसाय आणि 65 प्रक्रियांची होती. 2016 मध्ये ती तीन गटांवर आणली: खाणी, ज्वलनशील पदार्थ आणि स्फोटकं, आणि कारखाना कायद्यातल्या धोकादायक प्रक्रिया. पुढच्या वर्षी यादीत पुन्हा भर घातली, हे सांगायला कुणीतरी कमेंटमध्ये येईलच, म्हणून मीच सांगून टाकते. पण आधी कापायची गरज कुणाला पडली होती? त्या पोराच्या हातावरचे डाग यादी बघून पडत नाहीत.

मी कामगार खात्याकडे लेखी तक्रार केली. पोच घेतली. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं, ‘प्रत्यक्ष भेट दिली असता सदर ठिकाणी बालकामगार आढळून आला नाही.’ आढळेल कसा? साहेब येणार हे आदल्या दिवशीच मिस्त्रींच्या शेडमध्ये कळलं होतं. हे मला खुद्द मिस्त्रींनीच सांगितलं, अगदी सहज, पाऊस येणार होता असं सांगावं तसं. निरीक्षक कमी आहेत, एकेकाच्या गळ्यात केवढी तरी हद्द आहे, हेही खरं असेल. पण माणसं कमी असल्यामुळे आदल्या दिवशी खबर जात नाही. खबर द्यायला माणूस होताच की!

काम थांबवलं त्या दिवशी पोराला मी आत बसवून चहा-बिस्किटं दिली. डोळे लालबुंद होते. दुखतात का विचारलं तर म्हणाला, “रात्री टोचतात काकू, झोप येत नाही. आई बटाट्याची चकती ठेवते.” तक्रारीचा सूर नव्हता. घरी काय करतात ते सांगत होता, बस.

“पण घर कसं चालणार त्यांचं?” हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय, आणि विचारणारी माणसं वाईट नाहीत. गरिबी खरी आहे, नाही कोण म्हणतंय. पण या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच दिलंय, शिवकाशीच्या काडेपेटी आणि फटाका कारखान्यांच्या खटल्यात. धोकादायक कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाकडून 20,000 रुपये घ्या. त्या घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्या, जमत नसेल तर सरकारने 5,000 रुपये घालावेत. त्या पैशांतून मुलाचं शिक्षण बघा. इतकं स्पष्ट सांगितलंय. आज किती घरांपर्यंत यातलं काही पोचतं? आपण मात्र गरिबीकडे बोट दाखवून मोकळे होतो, कारण गरिबीवर गुन्हा दाखल करता येत नाही.

मालकावर येतो. 2016 नंतर हा दखलपात्र गुन्हा आहे. सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पोलीस थेट नोंदवू शकतात, ‘आधी त्या खात्याकडे जा’ म्हणून परत पाठवायचं कारण नाही.

कालच त्या शेडवरून गेले. पोरगा अजून तिथेच आहे, आता ग्राइंडर त्याच्या हातात दिलाय. सोमवारी सकाळी मी जुन्या तक्रारीची पोच आणि ते उत्तर घेऊन पोलीस चौकीत जातेय. एकटीला टोलवतील, चार-पाच जण असलो तर लिहून घ्यावं लागेल. ज्यांनी आज शपथेचा बॅनर टाकलाय त्यांनी तरी या. वेळ इनबॉक्समध्ये कळवते.