साडेआठ वाजता, अकरा वाजता नाही

नमस्कार दादा. गूगलवर आमच्या जागेला तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. शनिवारची तुमची संध्याकाळ खराब झाली, त्याबद्दल मनापासून दिलगिरी. बोर व्याघ्र प्रकल्प पाहायला आलेली मंडळी आमच्या सेलूत बसून दोन तास काम करतात, याचा आम्हाला आनंदच आहे. त्यासाठीच तर ही को-वर्किंगची, म्हणजे तासावर बसून काम करायची जागा काढली.

पण तुम्ही लिहिलं आहे, "कोल्ड्रिंकच्या बाटलीवरून तमाशा केला आणि रात्री अकरा वाजता चौघांना रस्त्यावर काढलं." बाकी काहीही लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. अकरा वाजण्याबद्दल मात्र मला बोलावंच लागेल. मीटिंग रूम तुम्ही सहा ते दहा घेतली होती. मी वर आलो तेव्हा साडेआठ व्हायचे होते. जिन्यावरच्या कॅमेऱ्यात तुम्ही आठ बावन्नला खाली उतरताना दिसता, आणि तुमची गाडी दारासमोरच उभी होती. आमचं शटर दहाला पडते. अकरा वाजता त्या इमारतीत कोणी नसते. तुम्ही खाली उतरल्यावरही मी अर्धा तास तिथंच होतो, कारण आतल्या मुलींना घ्यायला त्यांचे भाऊ, वडील यायचे होते.

एवढ्याशा वेळेवरून इतकं का, असं तुम्ही म्हणाल. तर सांगतो. आमच्याकडे पुढच्या खोलीत लॅपटॉपवाले बसतात आणि मागच्या खोलीत अभ्यासिका आहे. केळझर, हिंगणीकडच्या मुली पोलीस भरतीचा, एमपीएससीचा अभ्यास करायला येतात. ॲडमिशनच्या दिवशी त्यांचे वडील फी नंतर विचारतात. आधी विचारतात, तिथं कोण येते-जाते, किती वाजेपर्यंत चालते. आता तेच वडील गूगलवर "बाटली" आणि "रात्री अकरा" हे शब्द एकत्र वाचतील. दोन जणांचे फोन येऊनही गेले. ही जागा कर्जावर आहे दादा, आणि महिन्याचा हप्ता अभ्यासिकेच्याच फीमधून जाते.

त्या संध्याकाळी बाटलीत काय होतं ते तुम्हालाही माहीत आहे. वॉटर कूलरपाशी आलेल्या मुलीला दारूचा वास आला, तिनं मला येऊन सांगितलं. मी चारचौघांत काही बोललो नाही. तुमच्यातल्या एकाला जिन्यात बोलावून हळू आवाजात सांगितलं की हे इथं चालत नाही, बाटली गाडीत ठेवून या आणि खुशाल काम करा. आवाज वाढला तो आमच्याकडून नाही. याला तमाशा म्हणता, ते लागलं मनाला.

तुम्ही मोबाईलवर पिण्याचा परवाना दाखवला होता. परवाना माणसाचा असते, त्यानं माझी खोली परवान्याची होत नाही. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात कलम 68 आहे. विनापरवाना पिण्यासाठी जागा उघडून देणाराच त्यात अडकते. तुम्ही गाडीत बसून नागपूरला निघून गेले असते, ठाण्यात मला जावं लागलं असतं. "आता चंद्रपूरलाही चालू झाली" हेही तुमचं खरं आहे. तिथं दारूबंदी 2015 ला लागली, 2021 ला उठली. गडचिरोलीत 1993 पासून दारू बंद आहे, आणि आपला वर्धा जिल्हा तर त्याहून जुना दारूबंदीचा. गांधीजींचं सेवाग्राम इथून जवळच. बंदी असूनही चोरून मिळते, हे मी नाकारत नाही. गावोगावच्या बायांनी त्यासाठी भट्ट्या फोडल्या आहेत, त्यातली एक बाई माझी आईसुद्धा आहे.

पुण्या-बेंगळुरूच्या को-वर्किंगमध्ये बिअर पार्टी होते, असं तुम्ही लिहिलं. होत असेल. वीवर्कसारखी मोठी कंपनी अमेरिकेत नळाची बिअर फुकट द्यायची, आणि 2020 मध्ये तिनंही ती तिथं बंद केली. पुण्या-मुंबईत राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून कार्यक्रमापुरता परवाना काढता येते. आमच्या जिल्ह्यात ती वाटच नाही, आणि असती तरी अभ्यासिकेच्या भिंतीला लागून मी ते होऊ दिलं नसतं.

"पैसे खाल्ले" असंही लिहिलं आहे. उरलेल्या तासाचे 150 रुपये त्याच रात्री फोनपे केले आहेत, एकदा पाहून घ्या.

बुकिंगच्या मेसेजमध्ये दारूबद्दलची सूचना आता टाकतो, दारावर बोर्डही लावून घेऊ. स्टार तुम्ही एकच ठेवा, तो तुमचा अधिकार आहे. पण ती अकराची वेळ तेवढी दुरुस्त करा. फुटेज पाहायचं असेल तर दहाच्या आत कधीही या, मी जागेवरच असतो.