लिहायचंय पण सुचत नाहीये? मग हे कराच

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादक म्हणून मी सापडले. तेव्हापासून "लिहायचं खूप आहे हो, पण सुचतच नाही" हे मी लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, सगळीकडे ऐकतेय. तर अशा होतकरू लेखकांसाठी चार युक्तीच्या गोष्टी, फुकट.

आधी नवी वही आणा, जाड पुठ्ठ्याची. पेनही भारीतलं हवं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य पेन्सिलीने लिहिलं, पण त्यांना काय, निवांत होते. तुमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या आहेत, मुलांच्या युनिट टेस्ट आहेत.

मग मूडची वाट बघा. तो डेडलाइनच्या दुसऱ्या दिवशी येतो.

"आमचं सगळं इंग्लिश मिडीयम ना" हे अधूनमधून म्हणत राहा.

आणि विषय कायम मोठा घ्यायचा हं. आपल्या घरातलं, आपल्यावर बेतलेलं काही चुकूनसुद्धा लिहू नका. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा आदर्श ठेवा. काका २६ जुलै २००५ ला कुर्ल्याहून एलबीएस रोडने चालत घरी आले, कमरेएवढ्या पाण्यातून. एक चप्पल वाहून गेली आणि दुसरी ते घाटकोपरपर्यंत हातात धरून चालत होते, कशासाठी ते त्यांनाही माहीत नाही. विक्रोळीला कोणा बाईने खिडकीतून स्टीलच्या पेल्यात चहा दिला, मागून लोंढा आला आणि काका पेल्यासकट पुढे ढकलले गेले, तो पेला आजही त्यांच्या घरी आहे, काकू त्याने तांदूळ मोजतात! हे सगळं मी लिफ्टचं दार पायाने अडवून निदान सहा वेळा ऐकलंय. म्हटलं काका, हेच द्या लिहून, तीनशे शब्द. तर म्हणाले, "छे, त्यात काय लिहिण्यासारखं?" आणि परवा लेख आला. 'पाऊस : निसर्गाचे अनमोल वरदान'. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पडला हा आकडा आहे, बाष्पीभवन आहे, बळीराजा आहे, "असे म्हणावेसे वाटते" तीनदा आहे. पेला नाही. चप्पल नाही. अहो काका स्वतःच नाहीत त्यात!

काय लावलंय काय हे? सुचत नाही म्हणे. दिवसभर तोंड चालू असतं तुमचं, टँकरवाल्याशी झालेलं भांडण अर्धा तास रंगवून सांगता, नकला करून, आणि कागद समोर आला की एकदम शाळेतला निबंध? बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, जात्यावर बसून गायच्या, लेकाने म्हणजे सोपानदेवांनी ते उतरवून ठेवलं. मग मीही म्हटलं ना सगळ्यांना, तुम्ही नुसतं बोला, मी टाइप करते. तर "नको हो, नीट साहित्यिक काहीतरी देतो". कोणी मागितलंय साहित्यिक?

अकरा पानं कोरी आहेत आणि प्रेसवाला रोज फोन करतोय. उद्या संध्याकाळी सात वाजता मी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून तिसऱ्या मजल्यावर येतेय. काकू, तांदूळ आधीच मोजून घ्या, पेल्याचा फोटो काढायचाय.