बार्सेलोनासारखा किनारा

घरच्या ग्रुपवर मामेभावाने लिहिलं, "वरळीचा कोळीवाडा उचला आणि बार्सेलोनासारखा स्वच्छ किनारा करा." खाली अकरा अंगठे. मी सहा वर्षं बार्सेलोनातच राहते, तेही समुद्राला खेटून, बार्सेलोनेता नावाच्या वस्तीत. दोन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

दादा, तू ज्या वाळूचे फोटो बघतोस ना, तिच्या पाठीलाच कोळीवाडा आहे. 1714 मध्ये युद्धात शहर पडलं, जिंकणाऱ्यांनी किल्ल्यासाठी ला रिबेरा या भागातली घरं पाडली. त्या बेघरांसाठी आणि दर्यावर्दींसाठी 1753 पासून ही वस्ती उभी राहिली. पुढे एकेका घराचे चार-चार तुकडे झाले. त्यातल्याच एका तुकड्यात, 'क्वार्त दे काझा'त, मी राहते. जेमतेम तीस चौरस मीटर, लिफ्ट नाही. समोरच्या बाल्कनीत वस्तीचा निळा-पिवळा झेंडा आणि वाळत घातलेल्या चादरी. संध्याकाळी खालच्या आजी गल्लीत खुर्ची टाकून शेंगा निवडत बसतात.

तुझा तो स्वच्छ किनाराही सहज झालेला नाही. फ्लेमेंको नर्तकी कार्मेन अमाया जिथली, ती किनाऱ्यावरची सोमोरोस्त्रोची झोपडवस्ती 1966 मध्ये हटवली. 1992 च्या ऑलिंपिकच्या सुमारास वाळूवरच्या जुन्या खानावळी गेल्या. मग पर्यटक आले, भाडी चढली आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये इथली माणसं रस्त्यावर उतरली. आता पालिकेने शहरातल्या दहा हजारांवर पर्यटक-फ्लॅटचे परवाने 2028 पर्यंत संपवायचं ठरवलंय. इथल्यांना चूक कळायला इतकी वर्षं लागली, आणि तुम्हाला नेमकी तीच चूक हवी आहे!

वरळीच्या कोळ्यांनी कोस्टल रोडच्या खांबांमधून होड्यांना 120 मीटरची वाट मिळवली, तेव्हाही तू 'विकासाला खोडा' म्हणाला होतास. होड्या जाणार कुठून, हे तेव्हा तुझ्या मनातही आलं नाही.

पण माझंही सांगते. मी प्रभादेवीत वाढले. वरळीची मावशी दारावर पापलेट घेऊन यायची, आई तिला आधी चहा द्यायची. त्या मावशीच्या कोळीवाड्यात मी उभ्या जन्मात दोनदा गेले, ओढणी नाकाला लावून. इथे मासळीचा वास आला की मात्र 'आमची गल्ली' म्हणते.

आणि हे घर आधी खालच्या आजींच्या मुलाचं होतं. भाडं परवडेना म्हणून तो बायकोमुलांना घेऊन शेजारच्या बादालोना शहरात गेला. ते वाढलेलं भाडं आता मी भरते. रविवारी तो आईला भेटायला येतो. जिना अरुंद आहे, समोरासमोर आलो की एकाला भिंतीला टेकून थांबावं लागतं. थांबतो तोच.