मंगळवाले, 60 लाख अमेरिकन आणि एक पिवळं कात्रण

भाची नववीत आहे. वक्तृत्व स्पर्धेचं भाषण तिनं परवा म्हणून दाखवलं आणि माझा चहा निवून गेला. ‘1938 साली रेडिओवर मंगळवासीयांच्या स्वारीची खोटी बातमी लागली. 60 लाख अमेरिकन घरं सोडून पळाले, शेकडोंनी आत्महत्या केल्या, सरकारनं त्या कलाकाराला शिक्षा केली. म्हणून बातमी सामान्य माणसाच्या हाती देऊ नये!’ कुठून आणलंस, तर फॅमिली ग्रुपवरून. सोबत पुरावा म्हणून ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं पिवळं कात्रण. “मामा, छापून आलंय ना!”

आलंय बाई. 31 ऑक्टोबर 1938चा अंक अस्सल आहे आणि श्रोत्यांची घबराट पहिल्याच पानावर आहे. त्यावरून ते छापलं गेलं एवढंच सिद्ध होतं.

आता ते 60 लाख. आकडा खरा आहे, म्हणून तर जास्त चीड येते. प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी 1940 साली या प्रकरणावर पुस्तक काढलं, त्यातला तो अंदाज आहे. पण कशाचा? रेडिओवरचं ते नाटक *ऐकणाऱ्यांचा*. त्यातले घाबरले किंवा अस्वस्थ झाले ते सुमारे 12 लाख, आणि अस्वस्थ होणं म्हणजे बिछाना गुंडाळून पळणं नव्हे. ‘ऐकलं’चं ‘पळाले’ करणाऱ्यानं आनंदीबाईंनाही मागं टाकलं. शिवाय ही विचारपूस झाली काही आठवड्यांनी, मथळे वाचून सगळे शहाणे झाल्यावर. त्याच रात्री रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या हूपर कंपनीनं 5,000 घरी फोन करून काय ऐकताय म्हणून विचारलं होतं. हे नाटक ऐकणारे निघाले 2 टक्के! बाकीच्या बऱ्याच जणांचा रेडिओ दुसऱ्या स्टेशनवर होता, एडगर बर्गन आणि त्याच्या बोलक्या बाहुल्याकडे. (रेडिओवर शब्दभ्रम! तरी लोक ऐकत.)

आत्महत्या? एकीचीही खात्री पटलेली नाही. शिक्षा? नाटक सादर करणाऱ्या ऑर्सन वेल्सला कसलीच झाली नाही, उलट त्याच्या कार्यक्रमाला कॅम्पबेल सूपवाले प्रायोजक मिळाले. खोटी बातमी? एच. जी. वेल्स (हे वेगळे वेल्स, इंग्रज लेखक) यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ कादंबरीवरचं ते नभोनाट्य होतं आणि सुरुवातीलाच तसं जाहीर केलं होतं.

बरं, एक कबूल करतो. पूर्वार्ध हुबेहूब बातमीपत्रासारखा होता. उशिरा रेडिओ लावणारे काही जण फसले, न्यू जर्सीत तर पोलिसांचे फोन खणखणत राहिले. ‘टाइम्स’च्या कचेरीतच 875 फोन आले. पण फोन करून खातरजमा करणाऱ्याला वेडा म्हणायचं, आणि ग्रुपवर ढकलणाऱ्याला काय म्हणायचं?

भाषणातलं शेवटचं वाक्य मात्र मी तिला खोडायलाच लावलं. मंदीच्या त्या वर्षांत वर्तमानपत्रांच्या जाहिराती रेडिओ पळवत होता. रेडिओच्या हाती बातमी सुरक्षित नाही, हे दाखवायची त्यांना आयती संधी मिळाली. त्याच मालकांची कैफियत माझी भाची टाळ्या मिळवायला म्हणणार?

ती हिरमुसली. “मग माणसं मेलीच नाहीत?” मेली, पण अमेरिकेत नव्हे. फेब्रुवारी 1949 मध्ये इक्वेडोरच्या किटो शहरात याच नाटकाची स्थानिक आवृत्ती लागली. फसवलं गेल्याचं कळल्यावर जमावानं रेडिओ स्टेशन पेटवलं आणि त्यात माणसं गेली. ते स्टेशन होतं ‘एल कोमेर्सिओ’ नावाच्या वर्तमानपत्राच्या इमारतीत.