कर्नाटक रागांच्या भावना तक्त्यात मावत नाहीत

गेली काही वर्षे मराठी वाचकांच्या मोबाइलवर एक लांबलचक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: कर्नाटक म्हणजे दक्षिण भारतीय संगीतातील 72 मेळकर्ता राग (ज्यांच्या स्वरसंचांत, म्हणजे मेळांत, बाकीचे राग बसवले जातात) हा 72 भावावस्थांचा शास्त्रीय तक्ता आहे, प्रत्येक रागाची भावना त्याच्या स्वरांतच बसवलेली असल्यामुळे मुखारीने रडू येते, नीलांबरीने झोप लागते, बिलहरीने जिवात जीव येतो आणि अमृतवर्षिणीने पाऊस पडतो, हे ज्ञान भरतमुनींपासून अखंड चालत आले आहे, आणि श्रोता कोणत्याही देशाचा असो, परिणाम तोच होतो. राग मनाची विलक्षण पकड घेतात, याबद्दल वाद नाही. त्या पकडीचे जे कारण या मजकुरात सांगितले आहे, ते मात्र जवळपास प्रत्येक मुद्द्यावर चुकीचे आहे.

प्रथम 72 या आकड्याविषयी. तो भावनांच्या निरीक्षणातून नव्हे, गुणाकारातून आलेला आहे. षड्ज आणि पंचम अचल धरले, की ऋषभ-गांधाराच्या सहा जोड्या होतात, धैवत-निषादाच्या सहा होतात आणि मध्यम दोन प्रकारचा असतो. सहा गुणिले सहा गुणिले दोन म्हणजे 72. सतराव्या शतकात तंजावरच्या नायक राजांच्या आश्रयाने व्यंकटमखी या संगीतशास्त्रकाराने ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या ग्रंथात ही मांडणी केली, तेव्हा त्याच्याच सांगण्यानुसार त्यांपैकी 19 मेळ प्रत्यक्ष वापरात होते. उरलेले 53 मेळ पुढे कधी राग निर्माण झाले तर त्यांना घर असावे म्हणून राखलेले होते. ज्या मेळात त्या काळी एकही राग गायला जात नव्हता, त्याची भावना कोणी आणि कधी अनुभवली, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगायला हवे.

भावना स्वरसमूहातच असते, हा दुसरा मुद्दा. सगळा डोलारा त्यावर उभा असल्यामुळे त्याचा विचार अधिक सावकाश केला पाहिजे. तो खरा असता, तर समान स्वरांच्या रागांतून समान भावना उमटल्या असत्या. आरभी आणि देवगांधारी हे दोन राग घ्यावेत. दोन्ही 29व्या मेळातले, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या स्वरांचे. दोघांच्याही आरोहात गांधार आणि निषाद वर्ज्य, अवरोह संपूर्ण. कागदावर आरोह-अवरोह लिहून नावे झाकली, तर कोणता राग कोणता हे जाणकारालाही ओळखता येणार नाही. गायला लागल्यावर मात्र गोंधळ होत नाही. आरभी मध्यलयीत, सरळ आणि ठाशीव स्वरांनी चालतो, त्यातले गांधार-निषाद ओझरते लागतात, आणि कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज यांच्या पंचरत्न कृतींपैकी (कृती म्हणजे बांधीव गीतरचना) ‘साधिंचेने’ ही कृती ऐकताना त्यात देवाशी केलेली लाडिक, खट्याळ तक्रार जाणवते. देवगांधारी विलंबित लयीत, कंपयुक्त लांब स्वरावलींमधून उलगडत जातो, आणि त्यागराजांच्याच ‘क्षीरसागरशयन’ या कृतीत तो काकुळतीची विनवणी होतो. स्वर तेच, रचनाकारही तोच. बदलली ती लय, गमके (स्वर हलवण्याच्या, आंदोलित करण्याच्या पद्धती), आणि कोणत्या स्वरावर किती थांबायचे याची रीत. गुरू हे राग शिकवताना आरोह-अवरोह घोकून न घेता ठरावीक स्वरवाक्ये गाऊन घेतात, ते याचसाठी.

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना आणखी एक उदाहरण सहज पटेल. कर्नाटक तोडीचे स्वर पेटीवर ओळीने वाजवले, तर आपल्या कानाला भैरवी ऐकू येते. ज्या स्वरांनी आपल्याकडे मैफलीचा निरोप घेतला जातो, त्याच स्वरांतला तोडी दक्षिणेत कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर मुख्य राग म्हणून मांडला जातो, आणि टी. एन. राजरत्नम् पिळ्ळै यांच्या नादस्वरमवरील (सनईसारख्या दाक्षिणात्य वाद्यावरील) तोडीचे तिकडचे रसिक आजही नाव काढतात. त्यात निरोपाची हुरहुर नसते, भारदस्त विस्तार असतो. तोडीचा गांधार एका जागी स्थिर न राहता शेजारच्या स्वरांना स्पर्श करीत झुलतो, त्यामुळे पेटीची पट्टी दाबून तो मिळतच नाही. तक्त्याने गृहीत धरलेला ‘स्वर’ आणि गळ्यातून येणारा स्वर यांत एवढे अंतर आहे.

आता रागांना लावलेल्या चिठ्ठ्यांकडे वळू. मुखारीत कारुण्याला वाव आहे, हे मान्य करायला हवे. परंतु त्या रागातील सर्वांत प्रसिद्ध कृतींपैकी एक, त्यागराजांची ‘एंतनिने’, शबरीच्या भाग्याचे वर्णन करते: तिने डोळे भरून रामाला पाहिले, गोड फळे दिली, अंगावर रोमांच येऊन त्याच्या पायांवर डोके ठेवले. यात धन्यता आहे, शोक नाही. नीलांबरीचे नाते पाळण्याशी जुळलेले आहे खरे. पण मुत्तुस्वामी दीक्षितर या दुसऱ्या थोर रचनाकाराने नागपट्टिणमच्या देवीवर रचलेली ‘अंब नीलायताक्षि’ ही गंभीर कृती याच रागातली आहे, आणि केरळची सर्वपरिचित अंगाई ‘ओमनत्तिंकळ् किडावो’ कुरिंजी किंवा नवरोज रागात गातात. अशा समजुतींना तसा तोटा नाही. सकाळी आहिरी राग गायला तर त्या दिवशी जेवण मिळत नाही, असेही तिकडे म्हणतात. दीक्षितरांच्या कमलांबा देवीवरील नवावरण कृतींपैकी नववी आहिरीत असूनही ती गाणारे उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही.

भरतमुनींचा हवाला तर अर्धवट वाचनातून आला असावा. नाट्यशास्त्रात स्वरांचा रसांशी संबंध सांगितलेला आहे, उदाहरणार्थ मध्यम-पंचम शृंगार आणि हास्याला, गांधार-निषाद करुणाला. पण तो नाटकातील प्रसंगांसाठी आणि त्या काळच्या जातिगायनाच्या, म्हणजे रागांपूर्वीच्या गायनपद्धतीच्या, संदर्भात. आजचे राग त्या ग्रंथात नाहीत. शिवाय एकच नाव टिकून रागाचे रूप पूर्ण बदलल्याची उदाहरणे समोर आहेत: 1550 मध्ये रामामात्याने ‘स्वरमेळकलानिधी’ या ग्रंथात मुखारी दक्षिणेच्या पद्धतीतील सर्व शुद्ध स्वरांचा, म्हणजे आजच्या पहिल्या मेळातल्या कनकांगीसारखा, सांगितला आहे आणि आजच्या मुखारीशी त्याचे स्वर जुळत नाहीत. तंजावरचे मराठे राजे याबाबतीत आजच्या तक्तेकारांपेक्षा पुष्कळ सावध होते. त्यांपैकी शहाजीराजांनी (शिवरायांच्या वडिलांनी नव्हे, त्याच नावाच्या पुढच्या राजाने) रागलक्षणांचे संकलन करवले आणि तुळजाजींनी ‘संगीतसारामृत’ लिहिले, ते रागांची ओळख प्रचलित गीतांतील आणि आलापांतील स्वरवाक्ये देऊन करून देतात.

अमृतवर्षिणीची कथा अशी, की एट्टयपुरमच्या वाटेवर करपलेली शेते पाहून मुत्तुस्वामी दीक्षितरांनी ‘आनंदामृताकर्षिणि’ गायली आणि पाऊस आला. कथा सुंदर आहे, पण त्या कृतीच्या शब्दांतच देवीकडे पावसाची याचना आहे, हे विसरू नये. बिलहरीचेही तसेच: त्यागराजांनी मृताला उठवल्याची आख्यायिका ‘ना जीवाधार’ या कृतीभोवती, म्हणजे ‘माझ्या जीवाच्या आधारा’ या शब्दांभोवती, गुंफली गेली. दोन्ही ठिकाणी शब्दांचे श्रेय रागाला मिळाले आहे. आता स्वरांकडे पाहावे. अमृतवर्षिणीत गांधार, तीव्र मध्यम आणि शुद्ध निषाद आहेत. आपल्या मेघ रागात ऋषभ, शुद्ध मध्यम आणि कोमल निषाद. पाऊस पाडणाऱ्या म्हटलेल्या या दोन रागांत षड्ज-पंचमाखेरीज एकही स्वर समान नाही. 2019 च्या उन्हाळ्यात तामिळनाडूच्या देवस्थान खात्याने मंदिरांत पर्जन्ययज्ञांसोबत अमृतवर्षिणीसारखे राग वाजवण्याची सूचना दिली होती, आणि त्याच वर्षी जूनमध्ये चेन्नईला पाणी पुरवणारे पुंडी, चोळावरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले होते.

शेवटचा दावा, परिणाम सर्वांवर सारखाच होतो हा. यात थोडे तथ्य आहे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाल्कविल आणि थॉम्पसन या संशोधकांच्या अभ्यासात पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी रागांतील आनंद आणि दुःख बऱ्याच प्रमाणात ओळखता आले, शांत भाव मात्र आला नाही. आणि त्यांच्या अंदाजांचा संबंध मुख्यतः लय आणि स्वररचनेची गुंतागुंत यांच्याशी होता, म्हणजे कोणत्याही संगीतात असणाऱ्या गोष्टींशी. त्यापलीकडचे सवयीतून येते. हंसध्वनी दक्षिणेत ‘वातापि गणपतिं’ या गणेशस्तुतीमुळे कार्यक्रमाच्या मंगल आरंभाचा राग आहे, भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँ यांनी तोच राग मुंबईत ‘लागी लगन पती सखी संग’ या बंदिशीत बांधला आणि तो प्रेमाच्या ओढीचा झाला. सा, रे, म, प आणि कोमल नी या पाच स्वरांतून आपल्याकडे मेघाचे ढग भरून येतात आणि मध्यमाद सारंगाची दुपारही होते. चेन्नईत तेच स्वर मध्यमावती म्हणून लागले, की श्रोते कार्यक्रम संपत आला असे समजून चपला कुठे काढल्या होत्या ते आठवू लागतात.