‘लिंटर असताना हे सगळं कशाला?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

एआय असिस्टंटला टीमचे कोडिंगचे नियम पाळायला कसं लावायचं, या माझ्या मागच्या लेखावर ‘एक जुना डेव्हलपर’ या नावानं प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण उत्तर वाढत गेलं म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा: आमच्याकडे असिस्टंटनं वाचायच्या नियमांची ३०० ओळींची फाइल होती, एआयनं ती धाब्यावर बसवली. जे काम लिंटर (कोडमधल्या चुका आणि नियमभंग आपोआप दाखवणारं साधन) फुकटात करतो त्यासाठी टोकन (एआयच्या वापराचं, बिलाचं माप) जाळायची हौस कशाला? लेखातली करसरची (एआय असलेल्या कोड एडिटरची) माहिती जुनी आहे. निम्मा कोड जुन्या पद्धतीचा असेल तर काय करायचं, यावर लेखात अवाक्षर नाही. लेखकानं खरा प्रोजेक्ट हाताळलाय, की नुसते व्हिडिओ बघून लिहिलंय?

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. तुम्हीही बहुधा तिथूनच सुरुवात केली असावी आणि मुद्दे नंतर जोडले असावेत. मी १५ वर्षं पायथन लिहितोय, आणि त्यातली निम्मी दुसऱ्यांचा कोड तपासण्यात गेली आहेत. पायथन २ चं ३ करताना स्ट्रिंग आणि बाइट्सचा गुंता हातानं सोडवलेल्या पिढीतला आहे मी. व्हिडिओ मला बघवत नाहीत, झोप येते. मतभेद असू द्या, पण टोमणा मारायचा आणि शेवटी हसरा चेहरा चिकटवायचा, ही कुठली रीत?

करसरचं मान्य. प्रोजेक्टच्या मुळाशी एकच ‘करसररूल्स’ फाइल ठेवायची पद्धत मागे पडली आहे. आता करसरच्या फोल्डरात ‘रूल्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यात एमडीसी फाइली, आणि कुठला नियम कुठल्या पाथला लागू हे त्या-त्या फाइलच्या डोक्यावर लिहायचं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभारी आहे.

आता ते वाक्य: ‘जे काम लिंटर फुकटात करतो’. लिंटर कुठलं काम करतो, हे एकदा नीट बघू. पायथनचंच उदाहरण घेतो आणि लिंटर म्हणून रफ.

टीमचा नियम आहे की वेळ नेहमी टाइमझोनसह घ्यायची. हा नियम फाइलमध्ये लिहूच नका. रफमध्ये डीटीझेड नावाचा नियमांचा गट आहे, तो चालू करा. टाइमझोन न देता ‘डेटटाइम डॉट नाउ’ लिहिलं की तो पकडतो. ‘यूटीसीनाउ’ही पकडतो, जे पायथन ३.१२ पासून तसंही कालबाह्य ठरलं आहे. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे, आणि लेखातही मी हेच म्हटलं होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

दुसरा नियम घ्या. रक्कम पूर्णांकात, पैशांत ठेवायची. १९९.५० रुपये म्हणजे १९९५०. रकमेचे हिस्से करायचे असतील तर टीमचं वाटपाचं फंक्शनच वापरायचं, कारण १०० रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी ३३३३ पैसे जातात आणि एक पैसा उरतो. तो कुणाच्या पदरात टाकायचा हे त्या एका फंक्शनमध्येच ठरलेलं आहे. असिस्टंटला हे माहीत नसेल तर तो सरळ तीनने भागेल, राउंड करेल, टाइप हिंट देईल, वर नेटकी डॉकस्ट्रिंगही लिहील. रफ काही बोलणार नाही. ‘न्यूटाइप’ वापरून पैशांसाठी वेगळा प्रकार केलात तर मायपाय (टाइप तपासणारं साधन) काही चुका धरेल, पण असं फंक्शन आधीच अस्तित्वात आहे हे तोही सांगणार नाही. असिस्टंटच्या कोडमध्ये मला सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच: असलेलं हेल्पर न वापरता नवं लिहिणं. तो कोड चालतो, टेस्टही पास होतात, आणि सहा महिन्यांनी एकाच कामाची चार फंक्शनं निघतात. ज्या वाटपात पैसा कुठे गेला ते कळत नाही, तिथे तुमचा फुकटचा लिंटर हिरवी खूण देऊन मोकळा झालेला असतो.

म्हणून वाटणी अशी. यंत्राला तपासता येतं ते यंत्राकडे, उरेल तेवढंच फाइलमध्ये. फाइल क्लॉड कोड किंवा कोपायलट या असिस्टंटची असो की अनेक असिस्टंट वाचतात ती एजंट्स डॉट एमडी असो, उरणाऱ्या ओळी ५०-६० च्या वर जात नाहीत. तुमच्या ३०० ओळींत काय होतं ते मी पाहिलेलं नाही, पण ‘स्वच्छ, वाचनीय कोड लिहा’ हे वाक्य त्यात नक्की असणार. त्या वाक्यानं काहीच बदलत नाही, कारण असिस्टंट स्वतःच्या मते तसाच कोड लिहीत असतो. ‘अमुक करू नका’ एवढंच लिहिलं तरी अडतं, पर्याय सांगावा लागतो. ‘रिक्वेस्ट्स थेट वापरू नका’ (रिक्वेस्ट्स म्हणजे पायथनची एचटीटीपी कॉलची लायब्ररी) याऐवजी ‘बाहेरच्या सेवेला कॉल करायचा तर आपला एचटीटीपी क्लायंट वापरा, त्यात १० सेकंदांचा टाइमआउट आणि ३ रिट्राय आहेत’ असं लिहा. रिक्वेस्ट्समध्ये टाइमआउट आपणहून नसतो, हे कारणही जोडा. कारण दिलं की फाइलमध्ये न लिहिलेल्या जागीही तो नियम बऱ्यापैकी लागू होतो. आणि नमुना म्हणून कोड चिकटवू नका, चांगल्या फाइलचा पाथ द्या. चिकटवलेला कोड शिळा होतो.

आता खरी गंमत, जी ‘लिंटर आहे ना’ म्हणणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. रफमध्ये ‘बॅन्ड एपीआय’ची सोय आहे. त्यात मॉड्यूलवर बंदी घालता येते आणि सोबत स्वतःचा संदेश देता येतो. रिक्वेस्ट्सवर बंदी घाला आणि वरचं अख्खं वाक्य त्या संदेशात टाका. मग ते वाक्य दर वेळी संदर्भात (असिस्टंटसमोर असलेल्या मजकुरात) पडून राहत नाही, चूक झाली की नेमकं तिथेच समोर येतं. लिंटरचा संदेश असिस्टंटला वाचायला लिहायचा असतो, म्हणून ‘परवानगी नाही’ एवढ्यावर थांबू नका.

पण तो संदेश असिस्टंटपर्यंत पोहोचला तर ना! सीआयमध्ये (पाठवलेला कोड सर्व्हरवर आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेत) लिंटर चालवून त्याची लाल खूण माणसानं बघायची, ही झाली जुनी रीत. असिस्टंटनं फाइल बदलली की लगेच तपासणी व्हायला हवी. क्लॉड कोडमध्ये त्यासाठी ‘पोस्ट टूल यूज’ हुक (टूल वापरून झालं की आपोआप चालणारी स्क्रिप्ट) आहे, एडिट आणि राइट या दोन टूलांवर लावायचा. इथे तीन ठिकाणी हमखास ठेच लागते. पहिली: स्क्रिप्टनं एक्झिट कोड (संपताना द्यायचा आकडा) २ दिला तरच एरर आउटपुटचा मजकूर मॉडेलकडे जातो. १ दिला तर तो फक्त माणसाला दिसतो. रफ चूक सापडली की १ देतो आणि आउटपुट साध्या स्टँडर्ड आउटवर टाकतो, म्हणजे दोन्ही स्वतः वळवून द्यावे लागतात. दुसरी: हुकमध्ये ‘फिक्स’ चालू ठेवलं तर असिस्टंटनं आधी टाकलेला इम्पोर्ट, तो वापरायच्या आतच, न वापरलेला म्हणून उडतो. मग तो परत टाकतो, परत उडतो. एफ४०१ (न वापरलेल्या इम्पोर्टचा नियम) ‘अनफिक्सेबल’मध्ये घाला. तिसरी: प्रत्येक एडिटनंतर फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारं साधन) चालवला की फाइल पाठीमागे बदलते आणि पुढच्या एडिटला जुना मजकूर जुळत नाही. फॉरमॅटर कमिटच्या वेळी चालवा. आउटपुटही पहिल्या २० ओळींवर कापा, नाहीतर तेच संदर्भ भरून टाकतं.

लबाडीही होते. चूक सुधारण्याऐवजी असिस्टंट ओळीच्या शेवटी ‘नोक्यूए’ (ही ओळ तपासू नको, अशी लिंटरसाठीची खूण) ठोकून मोकळा होतो, किंवा पायप्रोजेक्ट या सेटिंगच्या फाइलमधला नियमच सैल करतो. कमिट हुक अडला तर ‘नो-व्हेरिफाय’ हा तपासणी टाळायचा पर्याय वापरतो. म्हणून सीआयमध्ये डिफमधल्या (बदललेल्या ओळींच्या यादीतल्या) फक्त नव्या ओळींत ‘नोक्यूए’ शोधा आणि सापडलं तर बिल्ड पाडा. पायप्रोजेक्ट फाइलला कोडओनर्समध्ये (कुठल्या फाइलचा बदल कुणी तपासायचा त्या यादीत) माणूस नेमा. एवढं केलं की ‘ऐकत नाही’ ही तक्रार बरीच कमी होते. संभाषणात सांगितलेला नियम मात्र खरोखरच निसटतो: संभाषण लांबलं की जुन्या भागाचा सारांश होतो आणि मधेच सांगितलेला नियम गळतो. त्याला उपाय म्हणजे तो फाइलमध्ये लिहा.

टोकनच्या खर्चाबद्दल: ५० ओळींचा खर्च एका फुकट गेलेल्या रिव्ह्यूपेक्षा कमीच. यावर आणखी काय बोलायचं?

जुन्या कोडचं म्हणाल, तर हो, शेजारच्या फाइलींत जुनी पद्धत असली की असिस्टंट तीच उचलतो, नियम काहीही म्हणो. पण हा प्रश्न माणसांच्या बाबतीतही असतो. त्यासाठी असिस्टंटला दोष देण्यात अर्थ नाही, आणि तो माझ्या लेखाचा विषयही नव्हता. सवड मिळाली तर लिहीन.

बाकी, पुन्हा लिहाल तेव्हा ३०० ओळींची फाइल होती एवढ्यावर भागवू नका. हुक लावला होता का, आणि असेल तर तो १ देत होता की २, तेवढं बघून सांगा.