चारच तर पायऱ्या!

“चारच तर पायऱ्या आहेत, आम्ही उचलून नेऊ,” हे वाक्य मी गोव्यात, फोंड्यातल्या प्रत्येक जत्रेला, लग्नाला आणि चतुर्थीला ऐकत आलो आहे, आणि आता मला त्याचा उबग आला आहे. मला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे आणि मी चाकांच्या खुर्चीत असतो; या आजारात स्नायू वर्षागणिक दुबळे होत जातात. माझ्यासारख्या खांदे सैल पडलेल्या माणसाला काखेत हात घालून उचलले तर खांद्याला इजा होऊ शकते, हे सांगेपर्यंत दोघांनी बाह्या सरसावलेल्या असतात. नकार दिला की मी माणूसघाणा ठरतो, आणि पुढच्या वेळी “त्याला कशाला त्रास” म्हणून आमंत्रणच येत नाही. (व्यायाम वाढवण्याचा सल्ला मात्र न चुकता येतो, दोष जनुकात आहे, आळसात नव्हे.) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा नावानिशी उल्लेख आहे, पणजीत २०२३ मध्ये दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट हा महोत्सवही भरला; पण देवळाच्या मंडपात रात्रभर नाटक रंगते, तेव्हा माझी चाकांची खुर्ची बाहेर चण्यांच्या गाड्याजवळच थांबते. चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला दिवसभर खपणाऱ्या आमच्या वाड्यावरच्या लोकांना पायऱ्यांवर एक रुंद फळी टाकणे इतके अवघड का वाटावे?